पालखी आणि पेलोटॉन : अकरा मिनिटांच्या थांब्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

मार्च महिन्यातल्या एका रविवारी रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण किनाऱ्यावर एक एकदिवसीय सायकल शर्यत झाली. तिच्यात घडलेल्या एका थांब्याचे हे प्रकरण आहे. शर्यतीचे, गावाचे आणि संघांचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण यातल्या कोणाला उघडे पाडण्याचा हेतू नाही, आणि ज्या चुका पुढे सांगितल्या आहेत त्यांतल्या निदान दोन माझ्या स्वतःच्या आहेत. मार्ग-समन्वयाचे काम माझ्याकडे होते. रस्ता कुठून कुठे जाणार, कोणत्या ठिकाणी किती वाजता पोचणार आणि त्या वेळी तिथे दुसरे कोणी असू नये, हे पाहणे ही माझी जबाबदारी होती.

एकूण अंतर १५२ किलोमीटर होते. सुरुवात आणि शेवट रत्नागिरीत होता. भाट्याचा पूल ओलांडून पावस, पूर्णगड, मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल, गावखडी आणि कशेळी असा रस्ता दक्षिणेला जाऊन आतल्या भागात दोन फेऱ्या मारत होता आणि त्याच वाटेने परत येत होता. या पट्ट्यात मोठा घाट नाही, पण सपाट रस्ताही नाही. खाडीकाठच्या गावातून रस्ता घाटी चढून जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर येतो, सडा संपला की पुन्हा खाली खाडीवर उतरतो, आणि पूल ओलांडला की पुन्हा चढतो. मराठी माणसाला सायकल शर्यत म्हटले की मुंबई-पुणे शर्यत आणि बोरघाट चढून ‘घाटाचा राजा’ ठरणारा स्वार आठवतो. इथे एकच मोठा राजा होत नाही, पण दिवसभरात दहा-बारा छोटे चढ पाय कुरतडून टाकतात.

प्रत्येकी सहा स्वारांचे सतरा संघ होते. त्यांत काही परदेशी व्यावसायिक संघ होते आणि काही आपल्याकडचे, ज्यांतले स्वार नोकरी सांभाळून वर्षभर शर्यती खेळतात. नियम आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचे, म्हणजे यूसीआयचे लावले होते. शर्यत एकदिवसीय होती हे पुढचा सगळा वाद समजण्यासाठी लक्षात ठेवायला हवे. अनेक टप्प्यांच्या शर्यतीत आज गेलेले मिनिट उद्याच्या डोंगरात परत मिळवता येते. एकदिवसीय शर्यतीत उद्या नसतो. इटलीतल्या मिलान-सान रेमोसारख्या जवळजवळ तीनशे किलोमीटरच्या शर्यतीचाही निकाल शेवटच्या काही मिनिटांत लागतो, आणि त्या मिनिटांवर कोणी बाहेरून हात ठेवला, तर ते दुरुस्त करायला जागा उरत नाही.

रस्ता दिवसभर बंद ठेवणे शक्य नव्हते. त्यामुळे ‘फिरती बंदी’ ठरली. शर्यतीचे टोक येण्याच्या पंधरा मिनिटे आधी पोलिसांची गाडी रस्ता मोकळा करील आणि झाडूगाडी, म्हणजे सगळ्या स्वारांच्या मागून येणारी शेवटची गाडी गेली की वाहतूक पुन्हा सुरू होईल. त्यासाठी प्रत्येक ठिकाणची वेळ तीन वेगांनी काढून रोडबुकात, म्हणजे शर्यतीच्या मार्गपुस्तिकेत छापली होती : ताशी ४१, ३८ आणि ३५ किलोमीटर.

अडचण कशी उभी राहिली

तारीख ठरवताना आम्ही बरेच काही पाहिले होते. रविवारी बोर्डाचा पेपर नसतो. एप्रिल लागला की आंब्याच्या पेट्या भरलेले टेम्पो आणि ट्रक या रस्त्यावर रात्रंदिवस असतात. मेमध्ये उकाडा असह्य होतो आणि जूनमध्ये पाऊस येतो. परदेशी संघांना आशियातल्या दोन शर्यतींच्या मधला हाच आठवडा सोयीचा होता. सगळे तक्ते नीट जुळले. पाहायचे राहिले ते फक्त पंचांग, आणि ती तारीख शिमग्यात होती.

हे लिहिताना आजही ओशाळायला होते, कारण आयोजकांतले निम्मे लोक रत्नागिरीचेच. शिमगा आम्हाला ठाऊक नव्हता असे नाही. फाकपंचमीला सुरुवात होते, पौर्णिमेला होम लागतो, आणि त्यानंतर ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, काही गावांत अगदी गुढीपाडव्यापर्यंत, हे लहान मुलालाही माहीत असते. परंतु पालखी म्हणजे संध्याकाळ, वाडीतली पाखाडी आणि अंगण असे चित्र आमच्या डोक्यात होते. सकाळी अकराच्या सुमारास ती राज्य मार्गावर येऊ शकते, असे कोणाच्या मनातही आले नाही.

कागदपत्रे मात्र पूर्ण होती. मार्गावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला होता. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ११५ खाली वाहतूक नियंत्रणाचा आदेश निघाला होता. तो आदेश वाहनांसाठी असतो, आणि पालखी हे वाहन नव्हे, ही गोष्ट शर्यतीला सहा दिवस असताना एका गावच्या पोलीस पाटलांनी फोन करून आमच्या लक्षात आणून दिली. शब्द अर्थात त्यांचे वेगळे होते. ते म्हणाले, “साहेब, तुमच्या सायकली आणि आमची पालखी एकाच येळेला रस्त्यावर येतायत, तेवढं बघा.”

गाव सड्याच्या कडेला होते आणि त्याच्या दोन वाड्या रस्त्याच्या दोन बाजूंना होत्या. रविवारी पालखी वरच्या वाडीतून निघून रस्ता ओलांडून खालच्या वाडीत जाणार होती. परतीच्या वाटेवर ती जागा शर्यतीच्या ११८व्या किलोमीटरला येत होती. तिथून शेवट ३४ किलोमीटर उरतो, म्हणजे शर्यत खऱ्या अर्थाने पेटण्याची हीच वेळ.

शर्यतीपूर्वी विचारात घेतलेले पर्याय

तारीख पुढे ढकलण्याचा विचार पाच मिनिटांत संपला, कारण दोन संघ मुंबईत उतरलेही होते. दुसरा पर्याय वळणाचा होता. गावाच्या वरून जाणारा एक आडरस्ता होता, पण त्यावर नुकतीच खडी पसरली होती आणि डांबर पडायचे होते. पंचवीस मिलिमीटरच्या टायरवर शंभर सायकली खडीतून उतरवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होते.

तिसरा पर्याय बंदोबस्ताच्या बैठकीत एका अधिकाऱ्यांनी सुचवला. पालखीला अर्धा तास थांबवून ठेवू, असे ते सहजपणे म्हणाले. एकदा देवळातून निघालेली पालखी वाटेत खाली टेकवत नाहीत, ती सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर जाऊनच बसते, हे त्यांना कोणीतरी हळूच सांगितले, आणि विषय तिथेच संपला.

चौथा पर्याय मला आज सर्वांत योग्य वाटतो, आणि तोच आम्ही सर्वांत कमी वेळ चर्चिला. त्या जागी ठरवून थांबा ठेवायचा. म्हणजे अमुक खांबापाशी शर्यत तटस्थ होईल, चुरस तात्पुरती थांबेल, सगळ्यांमधली वेळेची अंतरे मोजली जातील, पालखी जाईल, आणि त्याच अंतरांनी पुन्हा सोडले जाईल, असे आदल्या दिवशीच्या संघ-व्यवस्थापकांच्या बैठकीत जाहीर करायचे. याला मोठा दाखला होता. २०१३च्या मिलान-सान रेमोमध्ये बर्फ पडला, तेव्हा आयोजकांनी स्वारांना बसमध्ये बसवून तुर्किनो खिंडीपलीकडे नेले आणि शर्यत तिथून पुढे सुरू केली. काहींना ते आवडले नाही, काहींनी शर्यत सोडली, पण शर्यत पूर्ण झाली. आमच्याकडे मात्र सूर असा निघाला, की परदेशी संघांसमोर ‘मिरवणुकीसाठी थांबा’ छापला तर आपले हसे होईल. तो सूर काढणाऱ्यांत मीही होतो.

उरला पाचवा पर्याय, तो म्हणजे वेळ वाटून घेण्याचा. शर्यत आधी, पालखी नंतर. त्यासाठी गावाशी बोलणे भाग होते.

देवळातली बैठक

सरपंचांनी दाखला दिला होता, म्हणून आम्ही आधी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आम्हाला सरळ देवळाची वाट दाखवली. सभामंडपात गावकर, मानकरी आणि गुरव बसले होते. मी नकाशा पसरला आणि जिल्हा प्रशासनाच्या आदेशाची प्रत पुढे ठेवली. सर्वांत वयस्कर मानकऱ्यांनी ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

“सरपंचानी रस्ता दिलान् असंल,” ते म्हणाले, “पन त्या दिशी रस्ता आईचा.”

त्यात भांडण नव्हते, वस्तुस्थिती होती. वेळ आम्ही आमच्या मनाने बदलू शकत नाही, देवीला विचारावे लागेल, असे त्यांनी सांगितले, आणि गुरवांनी कौल लावला. फुलाची कळी कोणत्या बाजूने सुटते याकडे आम्ही सगळेच डोळे लावून बसलो होतो. माझ्याबरोबरचे तांत्रिक अधिकारी पुण्याचे होते आणि त्यांनी मनगटावरचे घड्याळ दोनदा पाहिले. कौल उजवा मिळाला. ठरले ते असे : शर्यतीचे टोक १० वाजून ३६ मिनिटांच्या आसपास जाईल, झाडूगाडी ११ वाजून ५ मिनिटांपर्यंत गावाबाहेर पडेल, आणि पालखी साडेअकराच्या आधी रस्त्यावर येणार नाही. पंचवीस मिनिटांची मोकळीक मला पुरेशी वाटली.

आता मागे पाहताना दिसते, की मी शर्यतीची वेळ तीन वेगांनी काढली होती आणि पालखीची एकाच. पालखीचा वेग ओट्यांवर ठरतो. दारात रांगोळी काढून, ताट घेऊन सुवासिनी उभी असते. तिथे पालखी थांबते, ओटी भरली जाते, गाऱ्हाणे घातले जाते, पुढचे घर येते. किती घरे उघडी आहेत यावर सगळे अवलंबून असते, आणि शिमग्याला मुंबईचे चाकरमानी आल्यामुळे एरवी कुलूप असलेली घरेही उघडी असतात. हे विचारायला मला दोन मिनिटे लागली असती.

शर्यतीचा दिवस

सुरुवात साडेसातला होती. सात वाजून दहा मिनिटांनी भाट्याच्या पुलाच्या तोंडाशी मासळीचा एक टेम्पो बंद पडला. बर्फाचे पाणी गळून रस्ता निसरडा झाला. टेम्पो ढकलून, रस्ता धुऊन, वाळू टाकून शर्यत सोडेपर्यंत ७ वाजून ५० मिनिटे झाली. वीस मिनिटे तिथेच गेली.

उरलेली वेळ शर्यतीने स्वतः घालवली. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास तिघे फुटून पुढे गेले आणि पेलोटॉनने, म्हणजे मागच्या मुख्य घोळक्याने, त्यांना जाऊ दिले. यात आळस नसतो, हिशोब असतो. पुढचा स्वार वारा कापतो आणि मागचा त्याच्या आडोशाने जातो. बर्ट ब्लॉकेन यांच्या चमूने २०१८ मध्ये १२१ स्वारांच्या घोळक्याचा अभ्यास केला, तेव्हा घोळक्याच्या पोटात असलेल्या स्वाराला एकट्याने चालवणाऱ्याच्या तुलनेत हवेचा विरोध केवळ ५ ते १० टक्के लागतो, असे आढळले. त्यामुळे तिघांना उन्हात झिजू द्यायचे आणि शेवटी गाठायचे, ही घोळक्याची जुनी रीत आहे. किती शेवटी, याचा ठोकताळा रॉबेर शापात या फ्रेंच समालोचकाच्या नावाने ओळखला जातो : घोळका दर दहा किलोमीटरला साधारण एक मिनिट भरून काढतो. घाई नसल्यामुळे वेग ताशी ३६वर आला. ११८व्या किलोमीटरला टोक पोचण्याची वेळ ११ वाजून ७ मिनिटे दिसू लागली.

तरीही साडेअकराला तेवीस मिनिटे होती. परंतु दहा वाजून पन्नास मिनिटांनी गावातल्या आमच्या स्वयंसेवकाचा फोन आला. पालखी वरच्या वाडीतून निघाली होती. चाकरमान्यांना रात्रीची गाडी पकडायची होती, त्यांची घरे खालच्या वाडीत होती, आणि दुपारचे जेवण वेळेत व्हावे म्हणून गावाने पालखी लवकर काढली होती. आम्ही वीस मिनिटे उशीर केला हे आम्ही गावाला कळवले नव्हते, आणि त्यांनी लवकर निघाल्याचे आम्हाला कळवले नाही. दोन्ही बाजूंनी शब्द मोडला, आणि दोन्ही बाजूंना तो मोडल्यासारखा वाटला नाही.

पंचांसमोरचा निर्णय

११ वाजून ३ मिनिटांनी मुख्य पंचांच्या गाडीत मी त्यांना स्थिती सांगितली. तिघे घाटी चढून सड्यावर आले होते. घोळका २ मिनिटे ४० सेकंद मागे, घाटीच्या पायथ्याशी होता. ढोल ऐकू येत होते.

त्यांच्यापुढे दोन रस्ते होते. पहिला असा, की पालखी रस्त्यावर येण्याआधी तिघे कदाचित निसटतील, तर त्यांना जाऊ द्यावे आणि घोळका अडला तर अडू द्यावा. याला रेल्वे फाटकाच्या नियमाचा आधार घेता आला असता. यूसीआयच्या नियमानुसार पुढचे स्वार फाटक बंद होण्याआधी गेले आणि मागचे अडकले, तर काही करायचे नसते, ती शर्यतीतली घटना समजतात. पुढचे अडकले आणि त्यांची आघाडी तीस सेकंदांहून जास्त असताना मागचे येऊन मिळाले, तरच शर्यत तटस्थ करून तेच अंतर परत द्यायचे असते. आणि बंद फाटकातून गेलेल्याला शर्यतीबाहेर काढतात. २००६ च्या पॅरिस-रूबे शर्यतीत होस्टे, व्हान पेटेगेम आणि गुसेव्ह या स्वारांना याच कारणासाठी निकालातून काढले होते.

दुसरा रस्ता सर्वसाधारण नियमाचा होता. शर्यतीच्या ओघात अडथळा आला, तर संचालकांनी पंचांच्या संमतीने शर्यत तात्पुरती तटस्थ करावी आणि नोंदलेल्या अंतरांनी पुन्हा सुरू करावी, अशी त्यात तरतूद आहे.

मुख्य पंचांनी मला एकच प्रश्न विचारला : “हे तुम्हाला आधी माहीत होते का?” मी हो म्हणालो. त्यावर त्यांनी सांगितले, की फाटकाची गाडी कधी येईल हे आयोजकाच्या हातात नसते, म्हणून ती घटना ठरते. जे आयोजकाला सहा दिवस माहीत आहे ते स्वारांच्या नशिबावर टाकता येणार नाही. सगळ्यांना थांबवा. मला हा निर्णय तेव्हाही बरोबर वाटला आणि आजही वाटतो. चुका त्याच्या अंमलबजावणीत झाल्या.

अकरा मिनिटे

लाल झेंडा दाखवून तिघांना ओलांडणीच्या सहाशे मीटर अलीकडे थांबवले. घोळक्याला पायथ्याशी थांबवले. दोघांना एकाच रेषेवर आणायला वेळ लागेल आणि अरुंद घाटीत गाड्यांची कोंडी होईल, म्हणून जो जिथे आहे तो तिथेच थांबेल आणि एकाच क्षणी दोघांना सोडू, असे ठरले. कागदावर हे न्याय्य दिसते.

सड्यावर झाड नव्हते. जांभा तापला होता, आणि तिघांच्या मागे फक्त एक तटस्थ, म्हणजे कोणत्याच संघाची नसलेली मदतगाडी होती, जिच्यात चाके भरपूर आणि पाण्याच्या बाटल्या दोन होत्या. त्यांच्या संघांच्या गाड्या मागे घोळक्यात अडकल्या होत्या. एक जण चिऱ्यांच्या गडग्यावर बसला, तर तापलेल्या दगडामुळे लगेच उठला. दुसरा पाय आखडू नयेत म्हणून रस्त्याच्या रुंदीत लहान लहान फेऱ्या मारत राहिला. तिसऱ्याने शेवटचा घोट न पिता मानेवर ओतला आणि डोळे मिटून उभा राहिला.

खाली पायथ्याशी मात्र फणसाची आणि आंब्याची दाट सावली होती. तिथल्या घरांतून लोक कळशा आणि तांबे घेऊन बाहेर आले. एका काकूंनी कोकम सरबताचे पातेलेच आणले. प्रेक्षकांच्या हातून काही घेणे नियमात बसत नाही, पण त्या क्षणी ते अडवायला एकही पंच पुढे आला नाही, आणि मी असतो तर मीही आलो नसतो. परिणाम एवढाच, की ज्यांनी नव्वद किलोमीटर वारा कापला ते उन्हात कोरडे उभे राहिले आणि ज्यांनी आडोसा घेतला ते सावलीत सरबत प्यायले.

पालखीला सहा मिनिटे लागतील असा अंदाज होता. ती रस्त्यावर आली, आणि मधोमध थांबून नाचली. मग त्या वयस्कर मानकऱ्यांचे लक्ष सड्यावर थांबलेल्या स्वारांकडे गेले. त्यांनी हात वर केला, ढोल थांबले, आणि त्यांनी गाऱ्हाणे घातले, की बाहेरगावची ही लेकरे तुझ्या वाटेवर आली आहेत, त्यांच्या चाकाला खोट येऊ देऊ नकोस, सगळ्यांना सुखरूप घरी पोचव. सगळा गाव “व्हय म्हाराजा” म्हणाला. शर्यतीच्या सुरक्षेसाठी घातलेल्या त्या गाऱ्हाण्याने थांबा दोन मिनिटांनी वाढला. मला हसू आणि रडू एकदमच आले. एकूण थांबा अकरा मिनिटे झाला.

पुन्हा सुरुवात आणि निकाल

घाटीच्या आडोशामुळे पायथ्याशी रेडिओ नीट पोचत नव्हता. मधल्या वळणावर मोटारसायकलवाला उभा करून ‘सोडा’ हा शब्द खाली नेला. घोळक्याला शून्य वेगातून थेट चढावर सुरुवात करावी लागली आणि तिघांना सपाटीवर. त्यामुळे सड्यावर पुन्हा अंतर मोजले, तेव्हा ते २ मिनिटे ४० सेकंदांऐवजी ३ मिनिटे ५ सेकंद भरले. घोळक्यातल्या संघांनी लगेच रेडिओवर कुरकुर सुरू केली, की आघाडीला पंचवीस सेकंद फुकट मिळाले.

ते सेकंद तिघांना मानवले नाहीत. शापातच्या ठोकताळ्याने तिघे शेवटच्या तीन-चार किलोमीटरांत सापडायला हवे होते, प्रत्यक्षात नऊ किलोमीटर उरलेले असतानाच सापडले. उन्हात उभे राहिल्याने असे झाले की ते एरवीही थकलेच असते, हे सिद्ध करता येत नाही. बेल्जियममधल्या ओम्लूप हेट न्यूसब्लाडच्या २०१९ मधल्या महिला शर्यतीत निकोल हान्सेलमान ही स्वार एकटीच इतकी पुढे गेली, की ती आधी सुटलेल्या पुरुषांच्या शर्यतीच्या गाड्यांपर्यंत पोचली. शर्यत थांबवली, तिचे अंतर तिला परत दिले, आणि तरीही ती पुढे पकडली गेली. सेकंद परत देता येतात. पायांतली लय, मागचे लोक गाफील असण्याचा फायदा आणि ‘आता थांबायचे नाही’ ही मनाची ओढ कोणत्याच घड्याळात नोंदलेली नसते.

लेखी तक्रार मात्र या कोणाची आलीच नाही, ती तिसऱ्याच बाजूने आली. थांब्याच्या वेळी नऊ स्वार घोळक्याच्याही मागे, घाईघाईच्या अंदाजाने मिनिटभराने मागे पडले होते. सगळे घोळक्यापाशी थांबलेले असताना ते शांतपणे येऊन मिळाले आणि घोळक्याबरोबरच सुटले. त्यांच्यातला एक जण शेवटच्या धावेत पाचवा आला. सहाव्या आलेल्या स्वाराच्या संघाने विचारले, की आघाडीला तिचे अंतर परत दिले, तर मागे पडलेल्यांना त्यांचे अंतर का नाही दिले? प्रश्न बिनतोड होता. नियम सगळ्या अंतरांबद्दल बोलतो. परंतु दुसऱ्या पंचांची गाडी घोळक्यापाशीच थांबली होती, मागच्या नऊ जणांची वेळ कोणी नोंदली नव्हती, आणि न नोंदलेले अंतर लावता येत नाही. पंच मंडळाने तक्रार फेटाळली, निकाल तसाच राहिला, आणि अहवालात नोंदीची चूक मान्य केली. त्या संघाच्या व्यवस्थापकांनी सही केली, पेन टेबलावर जरा जोरातच ठेवले आणि ते निघून गेले. मला त्यांचा राग समजतो.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी तारखेचे. किनाऱ्यावर शर्यत घ्यायची तर तक्त्यात बोर्डाच्या परीक्षांच्या शेजारी शिमगा, गावांच्या जत्रा आणि पालख्यांचे फिरणे यांचा स्तंभ हवा. ही माहिती तालुक्याच्या कचेरीत मिळत नाही, ती देवळात मिळते. गावोगावचा कार्यक्रम वेगळा असतो. कुठे तेरसे शिमगे, कुठे भद्रेचे, त्यामुळे एका गावाच्या तारखेवरून शेजारच्या गावाचा अंदाज बांधता येत नाही.

तारीख बदलणे शक्यच नसेल, तर ठरवून थांबा ठेवावा. आमच्या मनातली लाज खोटी होती. नंतर एका परदेशी संघ-व्यवस्थापकांनी सांगितले, की त्यांच्या स्वारांनी पालखीचे चित्रण घरी पाठवले, त्यांची हरकत थांब्याला नव्हती, तो कुठे आणि किती वेळ हे आधी न कळण्याला होती. ठरवलेला थांबा असता, तर जागा सड्यावर नसती. घाटीच्या पायथ्याशी सावलीत सगळ्यांना एकाच रेषेवर आणले असते, प्रत्येक गटाची वेळ टिपली असती, पाणी सर्वांना सारखे मिळाले असते, आणि मग घड्याळ लावून गट एकामागून एक सोडले असते. एकाच क्षणी सोडण्याची पद्धत रस्ता सगळीकडे सारखा असेल तिथेच चालते. चढ आणि सपाटी यांच्यामध्ये ती रस्त्यावरचे अंतर राखते, वेळेचे अंतर राखत नाही. हे मला त्या दिवशी सुचायला हवे होते, कारण घाटीचा चढ मी स्वतः मोजला होता.

अचानक थांबवावे लागलेच, तर सर्वांत मागच्या पंचाने पुढे येऊन घोळक्यात मिसळू नये, शेवटचा स्वार येईपर्यंत घड्याळ चालू ठेवावे. पंचांना ही सूचना आता शर्यतीपूर्वीच्या बैठकीत लेखी दिली जाते. सावलीचे काय करायचे, यावर मात्र आमच्यात अजून एकमत नाही. आघाडीच्या स्वारांना थांबताना पाणी मिळालेच पाहिजे, इतके सगळे मान्य करतात. पण ऊनही शर्यतीचाच भाग आहे आणि ते वाटून देणे पंचांचे काम नव्हे, असे मुख्य पंचांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, कारण ऊन शर्यतीचे असले तरी थांबा आमचा होता.

आणि फोन. सुरुवात वीस मिनिटांनी लांबली, तेव्हा मी पोलीस, रुग्णवाहिका, समालोचक आणि शेवटच्या रेषेवरचे मंडपवाले अशा चौदा जणांना कळवले. त्या यादीत देवळातले कोणी नव्हते. पुढच्या रोडबुकाच्या आतल्या पानावर, नियंत्रण कक्षाच्या क्रमांकाखाली, त्या गावच्या गुरवांचा क्रमांक छापला आहे. त्यांनी तो देताना एक अट घातली : सकाळी सहा ते सात पूजेची वेळ असते, तेव्हा फोन करू नका.